गर्दीच्या घटकेचें वीजघर

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना वाटलें असेल कीं, ज्यानें सारा जन्म तालुक्याच्या गांवीं मुलांना इतिहास व भूगोल शिकविण्यांत घालविला, आणि ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं, त्यानें वीजघरासारख्या यंत्रशास्त्राच्या विषयांत कां पडावें? शंका रास्त आहे. परंतु या विषयाशीं माझा संबंध आला तो यंत्राच्या द्वारें नव्हे, एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या द्वारें आला. आणि तो प्रश्न आधीं सांगितल्यावांचून पुढील कथा सांगणें बरें नव्हे.

सन २००७ मधील हिवाळ्याची गोष्ट. महाराष्ट्रांत ते भारनियमनाचे दिवस होते. दहावीच्या मुलांसाठीं आम्ही शाळेंत संध्याकाळीं अभ्यासाचा वर्ग चालवीत असूं. मुलें सात वाजतां येत, चटया अंथरून बसत, आणि पुस्तकें उघडतात न उघडतात तोंच दिवे जात. मग कंदील निघत, मेणबत्त्या निघत, आणि त्या मिणमिणत्या उजेडांत प्रमेयें व सनावळ्या यांचें पाठांतर चाले. एके रात्रीं मागल्या रांगेंतील एक मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, दुपारीं ऊन असतें तेव्हां वर्गांत दिवे लागतात, आणि आतां अंधार पडला तर जातात. मग दुपारची वीज सांठवून रात्रीं कां देत नाहींत?" बाकीचीं मुलें हंसलीं. मीं त्याला, "आधीं पुस्तकांत लक्ष घाल," असें म्हणून गप्प बसविलें. खरी गोष्ट अशी होती कीं, मला उत्तर येत नव्हतें. आणि येत नाहीं हें सांगण्याचें धैर्यही त्या वेळीं मला झालें नाहीं. शिक्षकाच्या हातून घडणाऱ्या प्रमादांत हा लहान प्रमाद नव्हे. त्या मुलाचें तें देणें माझ्या अंगावर राहिलें आहे.

उत्तर मला पुढें कांहीं वर्षांनीं, आणि तेंही सातासमुद्रांपलीकडे सांपडलें. माझी कन्या व जामात कॅनडा देशांत टोरांटो शहरीं असतात. सेवानिवृत्तीनंतर एक उन्हाळा मीं त्यांच्याकडे काढला. शहराच्या दक्षिणेस ओंटॅरियो नांवाचें सरोवर आहे. सरोवर म्हणतात खरें, पण पैलतीर दिसत नाहीं. तेथील चेरी बीच या किनाऱ्यावर आम्ही फिरावयास जात असूं. त्या किनाऱ्याजवळच एक प्रचंड, ओसाड इमारत आणि तिच्या डोक्यावर सुमारें सातशें फूट उंचीचें धुराडें उभें आहे. त्या धुराड्यांतून धूर येत नाहीं. त्याच्या शेजारींच दुसरें एक नवें, बेताच्या आकाराचें वीजघर आहे. जुनें मोठें वीजघर रिकामें आणि त्याच्या सावलींत नवें लहान वीजघर चालू, हें दृश्य पाहून माझ्यांतील इतिहासाचा शिक्षक जागा झाला. मीं विचारपूस केली, ग्रंथालयांत वाचलें, आणि त्या वाचनांतून जें हातीं आलें तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम त्या जमिनीची कथा सांगितली पाहिजे, कारण ती जमीन मुळांत जमीनच नव्हती. टोरांटो शहरांतून डॉन नांवाची एक लहान नदी वाहते. ती जेथें सरोवरास मिळे तेथें, वाळूच्या एका लांब दांड्याच्या आडोशाला, सुमारें हजार एकरांची दलदल होती. तिला अ‍ॅशब्रिजचा उपसागर म्हणत. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशीं खाजणें असतात, तशांतलाच तो प्रकार. भेद इतकाच कीं, येथलें पाणी गोडें. लव्हाळे, बदकें, मासे यांनीं ती जागा भरलेली असे. गोरे लोक येण्यापूर्वींपासून तेथील मूळ रहिवासी त्या पाण्यावर मासेमारी करीत आले होते. एकोणिसाव्या शतकांत शहर वाढलें आणि शहरानें त्या दलदलीचा उपयोग उकिरडा म्हणून सुरू केला. शेजारींच गुडरहॅम व वर्ट्स यांची मद्याची मोठी भट्टी होती. तिच्या गोठ्यांतील गुरांचें शेण त्याच पाण्यांत जाई, आणि शहराचें सांडपाणीही. ज्या पाण्यावर लोक जगत तेंच पाणी रोगराईचें घर म्हणून लोकांच्या भयाचा विषय झालें.

सन १९११ सालीं टोरांटो बंदराचें मंडळ स्थापन झालें आणि त्यानें १९१२ सालीं एक भव्य योजना पुढें मांडली. दलदल बुजवून टाकावी, तिच्या जागीं कारखान्यांची वसाहत करावी, गलबतांसाठीं कालवा खोदावा, असा तिचा आशय होता. सरोवराच्या तळाचा गाळ व वाळू यंत्रांनीं उपसून ती दलदलींत ओतण्यांत आली. कांहीं वर्षांत उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या कांठच्या मोठ्या दलदलींपैकीं एक नाहींशी झाली. डॉन नदीचें मुख तर काटकोनांत वळवून कीटिंग कालव्यांत घालण्यांत आलें. नदीला काटकोन ठाऊक नसतो; तो माणसाला ठाऊक असतो. पुढें प्रत्येक मोठ्या पावसांत त्या वळणाशीं गाळ व ओंडके सांचत आणि पाणी मागें शहराच्या सखल भागांत पसरे.

मुंबईकर श्रोत्यांना ही कथा अगदींच परकी वाटूं नये. सात बेटांची एक मुंबई झाली ती अशीच भरणी घालून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गव्हर्नर हॉर्नबी यांच्या कारकीर्दींत वरळीचा बांध घातला गेला. तो पुन्हां पुन्हां ढासळत होता आणि महालक्ष्मीचा दृष्टांत झाल्यावर टिकला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. दृष्टांताची गोष्ट श्रद्धेची. परंतु पाण्यापासून घेतलेली जमीन पाण्याला विसरत नाहीं, हा अनुभव दोन्ही शहरांचा आहे. पावसाळ्यांत मुंबईच्या सखल भागांत जें होतें तें सांगावयास दृष्टांताची गरज नाहीं.

टोरांटोच्या त्या नव्या भूमीवर हळूहळू तेलाच्या टाक्या, कोळशाच्या वखारी आणि कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ओंटॅरियो प्रांतांत विजेची मोठी टंचाई पडली. नायगाराच्या धबधब्याची वीज पुरेना. तेव्हां १९४९ सालीं या भरणीच्या जमिनीवर कोळशाचें वीजघर बांधण्यास आरंभ झाला व १९५१ सालीं तें सुरू झालें. रिचर्ड हर्न या अभियंत्याचें नांव त्यास दिलें. जागा त्या दृष्टीनें उत्तम होती. कोळसा सरोवरावरून जहाजांनीं थेट दारांत येई; वाफ थंड करावयास सरोवराचें गार पाणी हाताशीं होतें; आणि ज्या शहराला वीज द्यावयाची तें अवघ्या कांहीं मैलांवर होतें. पुढें वाढत वाढत त्याची शक्ति १२०० मेगावॅटपर्यंत गेली. मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.

परंतु जी जवळीक विजेला सोयीची तीच माणसांना गैरसोयीची झाली. कोळशाचा धूर व राख भोंवतालच्या वस्तीवर पडूं लागली. म्हणून १९७१ सालीं तें सातशें फुटी धुराडें बांधण्यांत आलें आणि कोळशाऐवजीं नैसर्गिक वायू जाळण्यास प्रारंभ झाला. धुराडें उंच केल्यानें धूर नाहींसा होत नाहीं. तो फक्त दुसऱ्याच्या अंगणांत पडतो, हें कळावयास त्या काळास थोडा अवधि लागला. तोंवर प्रांतांत अणुशक्तीचीं वीजघरें उभीं राहिलीं होतीं. १९८३ सालीं हर्न वीजघर बंद झालें. त्याच्या रिकाम्या दालनांत पुढें चित्रपट घेतले गेले आणि २०१६ सालीं तर एक मोठा कलामहोत्सवही भरला. पण वीज मात्र तेथें पुन्हां निर्माण झाली नाहीं.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. वीज हा मोठा विलक्षण माल आहे. धान्य कणगींत राहतें, पाणी हौदांत राहतें, तेल बुधल्यांत राहतें. वीज मात्र ज्या क्षणीं लागते त्याच क्षणीं निर्माण करावी लागते. सारें गांव जर एकाच घटकेस पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन आलें आणि प्रत्येकानें आत्तांच पीठ हवें असा हट्ट धरला, तर गिरणीवाल्याची जी त्रेधा उडेल तीच वीज पुरविणाऱ्याची रोज संध्याकाळीं उडते. गिरणीवाला निदान रांग लावूं शकतो. विजेच्या तारेंत रांग लागत नाहीं. मागणी पुरवठ्याहून वाढली कीं साऱ्या यंत्रणेची गति मंदावूं लागते, आणि ती सांवरण्यासाठीं कोणाची तरी वीज तोडावीच लागते. भारनियमन म्हणतात तें हेंच.

मग नेहमीचीं मोठीं वीजघरेंच अधिक कां बांधूं नयेत? उत्तर असें कीं, गर्दीची घटका थोडी असते. ओंटॅरियो प्रांतांत आजवरची सर्वांत मोठी मागणी १ ऑगस्ट २००६ या दिवशीं नोंदली गेली. ती २७,००५ मेगावॅट होती. तो कडक उन्हाळ्याचा दिवस होता व घरोघर हवा गार करणारीं यंत्रें चालू होतीं. त्याच प्रांतांत वसंतांतल्या मध्यरात्रीं मागणी याच्या निम्म्याहूनही खालीं उतरते. अणुशक्तीचें वीजघर अहोरात्र एका गतीनें चालविण्यांतच हित असतें. संध्याकाळीं चार घटका चेतवून पुन्हां विझवावें, असें तें नव्हे. कोळशाच्या भट्टीसही तापावयास कित्येक तास लागतात. म्हणून गर्दीच्या घटकेसाठीं वेगळ्याच जातीचें यंत्र लागतें. नेहमींच्या कुटुंबाला घरचें स्वयंपाकघर पुरतें. लग्नाच्या पंगतीसाठीं आचारी बोलवावा लागतो, तशांतलाच हा प्रकार.

तें यंत्र म्हणजे वायूचें टर्बाइन. विमानाच्या इंजिनाचें तें भावंडच. हवा दाबून घ्यावयाची, तींत वायू जाळावयाचा, आणि त्या तप्त झोतानें पात्यांचें चक्र फिरवावयाचें. मध्यें पाण्याचा बंब नाहीं, वाफेची वाट पाहणें नाहीं. कांहीं मिनिटांत यंत्र पूर्ण भारावर येतें. लोकांना वीज पुरविण्यासाठीं असें टर्बाइन प्रथम स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या शहरीं १९३९ सालीं बसविण्यांत आलें. ब्राउन बोव्हेरी या कंपनीनें तें बांधलें. त्याची शक्ति चार मेगावॅट, आणि जळणाच्या उष्णतेपैकीं जेमतेम सतरा टक्क्यांची वीज होई. तेंही अडीअडचणीच्या वेळेसाठीं राखीव म्हणूनच होतें, आणि राखीव राहूनही तें २००२ सालापर्यंत टिकलें. पुढें टर्बाइनें सुधारलीं. शिवाय त्यांच्या तोंडांतून बाहेर पडणाऱ्या उष्ण वाऱ्यावर पाणी तापवून वाफेचें दुसरें टर्बाइन चालविण्याची युक्ति निघाली; तिच्या योगें निम्म्याहून अधिक उष्णता कामीं लागते.

या पार्श्वभूमीवर टोरांटोची पुढील हकीकत पहावी. १४ ऑगस्ट २००३ रोजीं दुपारीं चार वाजण्याच्या सुमारास अमेरिकेंतील ओहायओ प्रांतांत विजेच्या कांहीं तारा झाडांना लागून बंद पडल्या. सांवरण्यांत चूक झाली आणि हां हां म्हणतां दोन्ही देशांतील सुमारें पांच कोटी माणसें विजेवांचून राहिलीं. टोरांटो अंधारांत गेलें. आगगाड्या थांबल्या, लोक मैलोगणती पायीं घरीं गेले. न्यायबुद्धीनें सांगावयाचें तर त्या दिवशीं विजेचा तुटवडा नव्हता. बिघाड तारांचा व देखरेखीचा होता. पण एक गोष्ट त्या रात्रीं सर्वांस दिसली. शहराच्या मध्यभागाला लागणारी जवळ जवळ सारी वीज दुरून, मोजक्या वाटांनीं येत होती. घरांत विहीर नाहीं आणि नळ एकच, अशी स्थिति.

त्याच सुमारास प्रांताच्या सरकारनें कोळशाचीं सर्व वीजघरें बंद करण्याचें वचन जनतेस दिलें होतें. शेजारच्या मिसिसॉगा शहरांतील लेकव्ह्यू वीजघर एप्रिल २००५ मध्यें बंद झालें. त्याचीं चार धुराडीं पुढल्या वर्षीं पाडण्यांत आलीं. त्याच २००५ सालीं प्रांतांत हवा दूषित असल्याच्या इशाऱ्याचे ५३ दिवस भरले होते. म्हणजे एकीकडे कोळसा जावयास हवा, दुसरीकडे उन्हाळ्याची गर्दी वाढत चाललेली, अशा कात्रींत तें शहर सांपडलें. २००८ च्या उन्हाळ्यापर्यंत शहराजवळ नवी वीज न झाल्यास पाळीपाळीनें वीज तोडावी लागेल, असा इशारा तज्ज्ञांनीं दिला. पाळीपाळीनें वीज तोडणें! हें वाचतांना परदेशांतील त्या थंडगार ग्रंथालयांत मला आमच्या शाळेच्या चटया आठवल्या.

फेब्रुवारी २००६ मध्यें सरकारनें निर्णय केला कीं, जुन्या हर्न वीजघराच्या शेजारीं, त्याच भरणीच्या जमिनीवर, वायूचें नवें वीजघर व्हावें. पोर्टलंड्स एनर्जी सेंटर असें त्याचें नांव. प्रांताची सरकारी वीज कंपनी व ट्रान्सकॅनडा ही खाजगी कंपनी अशा दोघींची ती अर्ध्या अर्ध्या भागीची मालकी होती. २०२० सालीं ती संपूर्ण सरकारी कंपनीकडे गेली. जागेची निवड विचारपूर्वक होती. मोठ्या दाबाच्या तारांचें ठाणें हर्नच्या काळापासून तेथें होतेंच. सरोवराचें पाणी होतें. आणि नवें रान तोडावें लागणार नव्हतें. एकदां कारखान्याखालीं गेलेली जमीन पुन्हां कारखान्यास द्यावी, नवी बिघडवूं नये, हा विचार कागदावर तरी निर्दोष होता. अशा जमिनीवर बांधकाम करणें मात्र सोपें नसतें. वरचा थर गाळाचा व वाळूचा. वर्षानुवर्षें सांडलेलें तेल त्यांत मुरलेलें. जें यंत्र मिनिटाला हजारों फेरे घेतें त्याचा पाया भुसभुशीत मातीवर ठेवून चालत नाहीं. खोल थरांत खुंट ठोकून त्यांवर तो बसवावा लागतो. उपसलेली मातीही कोठेंही टाकतां येत नाहीं. ती तपासून, शुद्ध करून मगच तिची व्यवस्था लावावी लागते. पूर्वजांनीं टाकलेल्या केराचा हिशेब असा नातवंडांकडे येतो.

लोकांचा विरोध झाला, आणि तो अडाण्यांचा विरोध नव्हता. त्या पूर्व भागांतील रहिवाशांच्या घरांवर हर्नची राख पडली होती. ती त्यांच्या आठवणींत होती. सरोवराचा किनारा आतां तरी लोकांना मोकळा मिळेल, तेथें बागा व घरें होतील, असें आश्वासन त्यांना मिळालें होतें. त्यासाठीं २००१ सालीं एक स्वतंत्र मंडळही निघालें होतें. शंभर वर्षें ज्यांच्या दारांत शहराचा उकिरडा होता त्यांच्याच दारांत पुन्हां धुराडें कां, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारचें उत्तर असें कीं, वीज जेथें लागते तेथेंच ती व्हावी हें न्यायाचें. आणि हें वीजघर कोळशासारखें अहोरात्र धूर ओकणारें नाहीं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. इतिहासांतील अवघड प्रसंग बहुधा असेच असतात. खऱ्या व खोट्याचा झगडा त्या मानानें सोपा.

२००८ च्या उन्हाळ्यांत त्या वीजघराचीं दोन वायू-टर्बाइनें चालू झालीं, आणि २००९ सालीं वाफेचें तिसरें जोडलें जाऊन त्याची शक्ति ५५० मेगावॅट झाली. ज्या उन्हाळ्याची धास्ती होती तो पार पडला. पुढें २०१४ सालीं प्रांतांतील कोळशाचें शेवटचें वीजघर बंद झालें, आणि त्या वर्षीं हवेच्या इशाऱ्याचा एकही दिवस उगवला नाहीं. याचें सारें श्रेय एकट्या वायूस देणें चुकीचें होईल. अणुशक्ति, वारा, जपून वापर यांचाही वाटा त्यांत होता. पण गर्दीच्या घटकेचा भार उचलणारें कोणी नसतें, तर कोळशाला रजा देतां आली नसती, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

याच कथेची दुसरी बाजू ओकव्हिल व मिसिसॉगा या शेजारच्या गांवीं घडली. तेथेंही वायूचीं वीजघरें ठरलीं होतीं. लोकांचा विरोध वाढला. ओकव्हिलचें काम ऑक्टोबर २०१० मध्यें रद्द झालें. मिसिसॉगाचें तर बांधकाम चालू असतांना, २०११ सालच्या निवडणुकीच्या तोंडावर रद्द केल्याचें जाहीर झालें. पुढें २०१३ सालीं प्रांताच्या महालेखापालांनीं हिशेब मांडला तेव्हां मिसिसॉगाचा भुर्दंड सुमारें २७.५ कोटी डॉलर व ओकव्हिलचा सुमारें ६७.५ कोटी डॉलर निघाला. दोन्ही वीजघरें दुसरीकडे, एक सार्नियाजवळ व दुसरें नॅपनीजवळ, बांधलीं गेलीं. म्हणजे यंत्रें झालीं, धूरही झाला. फक्त दार बदललें, आणि दार बदलण्याची किंमत सर्वांनीं मिळून भरली. जेथें लोकांशीं आधीं मोकळेपणीं बोलावयास हवें तेथें जें बोलणें मागाहून होतें तें असें महाग पडतें.

मग हा वायू निर्दोष आहे काय? नाहीं. कोळशापेक्षां तो स्वच्छ जळतो. राख नाहीं, गंधकाचा धूर जवळ जवळ नाहीं. परंतु पृथ्वीचें उष्णतामान वाढविणारा कर्बवायू त्यांतून निघतोच, आणि न जळतां नळांतून गळालेला वायू तर त्याहून अधिक उपद्रवी. टोरांटोच्या नगरसभेनें २०२१ सालीं ठराव करून, २०३० पर्यंत वायूपासून वीज करणें प्रांतानें बंद करावें, अशी मागणी केली. अणुशक्तीचीं जुनीं यंत्रें दुरुस्तीस गेल्यामुळें वायूचीं वीजघरें ठरल्याहून अधिक वेळ चालवावीं लागत आहेत, ही तेथील तक्रार आहे. घटकाभरासाठीं बोलावलेला आचारी घरींच मुक्कामास राहिला, असें कांहींसें झालें आहे.

मात्र याच सुमारास माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मोठमोठ्या अभियंत्यांनीं मनावर घेतलेला दिसतो. "दुपारची वीज सांठवून रात्रीं कां देत नाहींत?" आज देऊं लागले आहेत. २०२५ सालीं ओंटॅरियो प्रांतांत ओनायडा या नांवाचें बॅटऱ्यांचें कोठार सुरू झालें. तें २५० मेगावॅट वीज चार तास पुरवूं शकतें. रात्रीं स्वस्त वीज भरून घ्यावी व गर्दीच्या घटकेस परत द्यावी, हें त्याचें काम. मागल्या रांगेंतील त्या मुलानें १८ वर्षें आधीं विचारलेला प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो फक्त लवकर विचारलेला होता.

आणि त्या दलदलीचें काय झालें? ही या कथेंतील मला सर्वांत प्रिय वाटणारी गोष्ट आहे. डॉन नदीला तिचें मुख परत द्यावें, काटकोन मोडावा, पुराचें पाणी वळणावळणानें सरोवरांत जाऊं द्यावें, असें ठरलें, आणि त्यासाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्चून नवें नदीपात्र खोदण्यांत आलें. खोदतांना २०२१ सालीं कामगारांना एक आश्चर्य दिसलें. भरणीखालचा जुना थर उघडा पडतांच त्यांतून हिरवे कोंब फुटले. शंभर वर्षें गाळाखालीं दबलेलीं लव्हाळ्यांचीं बीजें, ऊन लागतांच रुजलीं होतीं. २०२४ सालीं नदी नव्या मुखानें वाहूं लागली, आणि २०२५ सालीं तिच्या कांठीं उद्यान खुलें झालें. तेथून थोड्या अंतरावर तेंच वीजघर उभें आहे. एका बाजूस उद्यान, दुसऱ्या बाजूस टर्बाइन. दोघांतील वाद अजून मिटलेला नाहीं.

आपल्याकडे गर्दीच्या घटकेचा भार कोण वाहतो? मुंबईजवळ समुद्रांत १९७४ सालीं तेल व वायू सांपडल्यावर उरण येथें १९८२ सालीं वायूचें वीजघर उभें राहिलें. पण महाराष्ट्राची संध्याकाळ मुख्यतः सांवरली ती कोयनेनें. सह्याद्रीच्या पोटांतील तें १९६० मेगावॅटचें वीजघर दिवेलागणीस जोरानें चालतें. पाण्याची झडप उघडली कीं चक्र फिरूं लागतें, यामुळें या कामास तें विशेष योग्य. मात्र शिवसागराच्या पाण्याखालीं अनेक गांवें गेलीं. त्यांतील माणसें उठून दूर जाऊन राहिलीं. आपण संध्याकाळीं कळ दाबतों तेव्हां त्या उजेडांत त्यांच्याही चुलींचा वाटा असतो. टोरांटोच्या पूर्व भागांतील रहिवासी आणि कोयनेकांठचा शेतकरी एकमेकांना ओळखत नाहींत. परंतु दोघांनीं विचारलेला प्रश्न एकच आहे: उजेड सर्वांचा, तर ओझें आमच्याच दारांत कां?

या प्रश्नाचें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं. यंत्रशास्त्र इतकेंच सांगेल कीं, गर्दी वाढली तर यंत्र वाढवावें लागेल. ती गर्दी थोडी कमी करणें मात्र आपल्या हातीं आहे. संध्याकाळीं सात ते दहा या वेळांत पाण्याचा पंप, कपडे धुण्याचें यंत्र, इस्त्री हीं कामें टाळून तीं दुपारीं किंवा पहाटे केलीं, तर कोठें तरी एखादें टर्बाइन तेवढें कमी फिरेल. हें फार मोठें कार्य नव्हे. पण लाखों घरांनीं केलें तर लहानही नव्हे.

असो. मला दिलेली वेळ संपत आली. तो मागल्या रांगेंतील मुलगा आतां तिशी ओलांडून गेला असेल. तो कोठें असतो हें मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर त्यास माझें इतकेंच सांगणें आहे: बाळ, तूं विचारलेंस तें बरोबर होतें. उत्तर मला येत नव्हतें. तें शोधावयास मला फार वर्षें लागलीं, आणि त्यांतलें अर्धें अजून शोधावयाचें आहे.